कोणतं भोकरदन?

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



आपल्याकडं एसटीत शेजारच्याला विचारलं, ‘कुठले तुम्ही?’ तर तो म्हणतो, ‘भोकरदनचा.’ थोडं बोलणं वाढलं की कळतं, गाव भोकरदनपासून चांगलं पंधरा किलोमीटर आत आहे. तो काही खोटं बोललेला नसतो. परक्या माणसाला गावाचं नाव सांगून काय कळणार, म्हणून त्यानं तालुका सांगितला. आपण जर इकडचेच असलो तर लगेच विचारतो, ‘भोकरदनमधी कोणतं?’ हा दुसरा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचत नाही. आज मला त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय: लष्करी अधिकारी आणि परमुलखाचं ज्ञान. म्हणजे असं, की जगातली मोठी सैन्यं काही अधिकाऱ्यांना मुद्दाम एखाद्या परक्या प्रदेशाचे जाणकार म्हणून तयार करतात. भाषा शिकवतात, तिथला इतिहास-भूगोल शिकवतात, तिथं राहायला पाठवतात, आणि मग वकिलातीत, वाटाघाटीत, हेरखात्यात नेमतात. अमेरिकन सैन्यात यासाठी स्वतंत्र शाखाच आहे. तुम्ही म्हणाल, याचा जालन्याशी काय संबंध? संबंध असा की या पद्धतीची एक मोठी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली, आणि त्या परीक्षेत काय चुकलं, काय बरोबर आलं याचे कागद आजही वाचायला मिळतात.

२३ सप्टेंबर १८०३. असईची लढाई. शाळेत आपण एका ओळीत वाचली, की वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पण त्याआधीचे तीन दिवस बघा. २१ तारखेला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन हे दोघं बदनापूरला भेटले. हो, आपलंच बदनापूर. तिथं ठरलं की शत्रूचा तळ भोकरदनला आहे, दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकदम तुटून पडायचं. २३ला दुपारच्या आत वेलस्ली आपल्या मुक्कामावर पोचतो तर कळतं, शत्रू इथंच आहे, सहा मैलांवर. स्टीव्हन्सन लांब दुसऱ्या वाटेवर. एक दिवस आधी, अर्ध्या फौजेनिशी गाठ पडली. त्या दुपारी इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. पुढं युरोपात नेपोलियनला हरवलेला हा माणूस म्हातारपणीसुद्धा आपली सर्वांत चांगली लढाई कोणती विचारलं की असई सांगायचा, असं म्हणतात. पण ती लढाई त्यानं ठरवली तशी झालीच नाही.

मग चूक कुठं झाली? लढाईनंतर टॉमस मन्रोनं त्याला पत्र लिहून नेमकं हेच टोचलं, की फौज दोन वाटांनी का फोडलीस? वेलस्लीनं उत्तर दिलं. त्याचा सारांश असा: शत्रूचा तळ काही मैल लांब पसरला होता. उजवं टोक भोकरदनजवळ, डावं टोक असईजवळ. जासुदांनी सांगितलं ‘भोकरदन’. आणि भोकरदन हे नुसत्या गावाचं नाव नव्हतं, त्या सगळ्या परगण्याचंही होतं.

बघा, एसटीतलाच प्रसंग आहे हा! जासूद खोटं बोलला नाही. त्यानं बाहेरच्या माणसाला जसं सांगतात तसं सांगितलं. आणि त्या अख्ख्या छावणीत ‘भोकरदनमधी कोणतं?’ असं विचारणारा कुणी नव्हता. फारसी जाणणारा होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय २३, आजारी पडलेल्या जॉन माल्कमच्या जागी दुभाषा म्हणून आला होता, आणि लढाईत वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता. हाच पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. हुशार माणूस होता, यात वाद नाही. पण दरबाराची भाषा येणं वेगळं, आणि केळणाकाठचा माणूस गावाचं नाव कसं सांगतो हे कळणं वेगळं.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. केळणा नदी आडवी. वाटाडे म्हणाले, उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं: नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्याच्या कागदांत ती पीपलगाव आणि वारूर अशी येतात. म्हणजे आपली पिंपळगाव आणि वरूड. त्यानं ताडलं, इतकी जवळ गावं वसली म्हणजे मधून जायला वाट असणारच. आणि होतीच. इंग्रज लेखक ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात, की स्थानिक माणसांपेक्षा साहेबाची नजर कशी तीक्ष्ण. मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. वाटाड्यांना नेमकं काय विचारलं होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. बैल आणि तोफा पार होतील का, असं विचारलं असेल तर ‘नाही’ हे अगदी प्रामाणिक उत्तर होऊ शकतं. किंवा त्यांना त्या फौजेला वाट दाखवायचीच नसेल. तेही समजण्यासारखं आहे. विजेत्याच्या आठवणी वाचताना ही सवय लावून घ्या: उत्तर छापलेलं असतं, विचारलेला प्रश्न गाळलेला असतो.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ऑगस्टच्या शेवटी वेलस्ली औरंगाबादला आला तेव्हा त्याला कर्नल कॉलिन्स भेटला. कॉलिन्स हा शिंद्यांच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट. लष्करी माणूस, पण काम शिंद्यांच्या मुलखाचं ज्ञान ठेवण्याचं. आजच्या भाषेत प्रदेशतज्ज्ञ. ठेंगणा, जुन्या फॅशनच्या कपड्यांतला, जरा हास्यास्पद दिसणारा. तो सांगत होता, शिंद्यांच्या घोडदळाचं सोडा, पण पायदळ आणि तोफखाना पाहून थक्क व्हाल. परत येताना तरुण अधिकारी त्याच्या अवताराची टिंगल करत होते, आणि त्यात खुद्द जनरलही सामील होता असं तिथं हजर असलेल्या एकानं पुढं लिहिलंय. महिन्याभरानं असईच्या तोफांनी कॉलिन्सचं म्हणणं खरं केलं.

म्हणजे बघा, एकाच मोहिमेत तीन तऱ्हा. ज्ञान होतं पण प्रश्न चुकला. ज्ञान झुगारलं आणि ते फळलं. ज्ञान बरोबर होतं आणि त्याला हसले. प्रदेशतज्ज्ञ घडवावेत का, याचं उत्तर कुणी हो-नाहीत देऊ लागला तर त्याला ही मोहीम वाचायला द्यावी.

आता या लोकांना घडवलं कसं? कंपनीची पद्धत ढोबळ होती, पण तिच्यात एक गोष्ट होती जी आज दुर्मिळ झालीय. पलटणीत दुभाषाची जागा असायची. परीक्षा पास झाली की वर भत्ता मिळायचा. कोवळ्या वयात आलेला, कर्जात बुडालेला अधिकारी त्या भत्त्यासाठी मुनशी ठेवून भाषा घोटायचा. जॉन माल्कम असाच. १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेच्या सुमारास फारसीच्या मागं लागला, निजामाच्या फौजेबरोबरच्या पलटणींचा दुभाषा झाला, पुढं इराणला वकील म्हणून गेला, इराणचा इतिहास लिहिला, माळव्यावर दोन खंड लिहिले, शेवटी मुंबईचा गव्हर्नर. मन्रो मद्रासच्या पायदळातला, तो रयतवारीचा जाणकार झाला. ही माणसं पंचवीस-तीस वर्षं इथं राहिली. तीन वर्षांची बदली नव्हती. म्हणून चुकासुद्धा मुरलेल्या करायची.

आपल्या बाजूला काय होतं? हे विचारायला आपण जरा कचरतो. पेशवाईच्या दरबारात इंग्रजांची भाषा, त्यांचं पार्लमेंट, त्यांच्या कंपनीचा कारभार समजून घेण्याची सोय काय होती? एक प्रसंग आहे. राघोबादादांनी १७८१ साली हनुमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला दोन पारशी सोबत्यांसह थेट इंग्लंडला पाठवलं. तिथं एडमंड बर्कनं त्यांची आस्थेनं सोय केली. पाहा, काय संधी! लंडन पाहिलेला, पार्लमेंटचा मोठा वक्ता ओळखीचा झालेला माणूस परत आला. त्याच्याकडून आपण काय शिकलो? त्याला समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त द्यायला लावलं. त्याचं ज्ञान कुठल्या दप्तरात उतरलं नाही, त्याच्या हाताखाली कुणी तयार झालं नाही. शिंद्यांनी तर कवायती फौजेसाठी युरोपियन अधिकारीच पगारावर ठेवले. १८०३मध्ये कंपनीनं जाहीरनामा काढला तेव्हा त्यांतले बरेच इंग्रज अधिकारी नोकरी सोडून निघून गेले. परमुलखाचं ज्ञान भाड्यानं घेतलं की ते भाडेकरूसारखं निघूनही जातं.

आता मी मूळ मुद्द्याकडं येतो. मी इतिहासाचा नाही, वाङ्मयाचा माणूस. या शिपाईगड्यांनी पुस्तकं लिहिली, आणि पुस्तकं तपासता येतात. त्यांतली दोन घेऊ.

पहिलं, जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, १८२६, तीन खंड. डफ मुंबई ग्रेनेडियर्सचा अधिकारी. फारसी शिकला, एल्फिन्स्टनच्या हाताखाली आला, १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट. छत्रपतींचं दप्तर, देशमुखांचे कागद, बखरी हे सगळं त्याला खुलं होतं. मेहनत प्रचंड. त्याच्या आधी इतकं कुणी जमवलं नव्हतं, आणि हे कबूल केल्याशिवाय त्याच्यावर टीका करू नये. पण पुस्तक वाचताना जाणवतं, की हा माणूस जिंकलेल्या राज्याची यादी करतोय. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीच्या रानात लागलेल्या वणव्यासारखा दिसतो. वणवा कोण लावतं? कुणीच नाही, तो लागतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००च्या आपल्या पुस्तकात नेमकं यावरच बोट ठेवलं, की हा अपघात नव्हता, मागं लोकांची तयारी होती. त्याच्याही आधी, १८६०च्या दशकाच्या शेवटी, नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या तरुण विद्यार्थ्यानं डफच्या बखरीवर टीका लिहिली. आपल्या इतिहाससंशोधनाची सुरुवात त्या टीकेपासून मोजतात. डफकडं ज्ञानाची कमतरता नव्हती. त्याच्या खोलीत त्याला ‘साहेब, हे असं नाही’ म्हणणारा कुणी नव्हता. त्याचे कारकून कागद आणून देत, भाषांतर करून देत. वाद कोण घालणार रेसिडेंटाशी?

दुसरं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. आपण त्याला कोशकार म्हणूनच ओळखतो, पण जेम्स मोल्सवर्थ हा मुंबईच्या पायदळातला अधिकारी, आणि त्याचे साथीदार टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊसुद्धा लष्करातले. सोलापूरच्या छावणीत असताना मोल्सवर्थ आणि टॉमस कँडी शब्द टिपायला लागले, कारण पलटणीच्या कामाला लागत होते. पुढं मुंबई सरकारनं ते काम अंगावर घेतलं, शास्त्री-पंडित नेमले. पहिली आवृत्ती १८३१, सुमारे चाळीस हजार शब्द. दुसरी १८५७, साठ हजारांच्या घरात.

हा कोश डफच्या इतिहासाहून का टिकला? एक कारण, कोशाला मत मांडता येत नाही, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कोशात पानोपानी मत असतं: कोणता शब्द घ्यायचा, कोणता ‘ग्राम्य’ म्हणून शेरा मारायचा. माझ्या मते कारण वेगळं आहे. मोल्सवर्थच्या खोलीत वाद होता. परशुरामपंत गोडबोले, जगन्नाथशास्त्री क्रमवंत अशी मंडळी तिथं होती, आणि त्या पंडितांचा स्वतःचा मराठी-मराठी कोश १८२९ साली, म्हणजे साहेबाच्या कोशाच्या दोन वर्षं आधी, छापून बाहेर पडला होता. ते नुसते मदतनीस नव्हते, स्वतः कोशकार होते. शब्दाचा अर्थ असा नाही, असा आहे, हे त्यांना म्हणता येत होतं, आणि साहेबाला ते ऐकून घ्यावं लागत होतं. शिवाय मोल्सवर्थ बाजारातला, शेतातला, शिवीगाळीतला शब्दही घेतो. शास्त्र्यांनी एकट्यानं केला असता तर कदाचित यातले बरेच शब्द आले नसते. दोघांनी एकमेकांचं उणं भरून काढलं.

उणं राहिलं नाही असं नाही. माझी तक्रार मी इथं जालन्यात करणारच. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. मोल्सवर्थचे पंडित कोकण आणि देशावरचे. आपल्याकडचा एखादा शब्द शोधायला गेलो की पुष्कळदा रिकाम्या हातानं परत यावं लागतं. हा दोष भाषेच्या ज्ञानाचा नाही, नेमणुकीच्या हद्दीचा आहे. कंपनीची हद्द जिथं संपली तिथं साहेबाचं मराठीही संपलं.

आणि एक चमत्कारिक गोष्ट. लष्करानं तयार केलेल्या या सगळ्या जाणकारांत आज रोज वापरात असलेलं काम कुणाचं? मोल्सवर्थचं. आणि त्यानं पुढं धार्मिक टोचणीमुळं लष्कर सोडलं. टॉमस कँडीही हळूहळू शाळा-पाठशाळांच्या कामात गेला. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणजे शिपायाला भाषा शिकवली की तो शिपाईच राहील याची खात्री नसते. वरच्यांना या जाणकारांबद्दल नेहमीच थोडी शंका असते, ती यामुळंच. हा आमचा की त्यांचा?

ही शंका सगळ्या देशांत आहे. अमेरिकेचा जनरल स्टिलवेल घ्या. १९१९ साली त्यांच्या सैन्यानं त्याला चीनसाठी भाषा-अधिकारी नेमलं, त्यानं चिनी शिकून घेतली, वर्षानुवर्षं चीनमध्ये काढली. दुसऱ्या महायुद्धात त्यालाच चँग कै-शेककडं पाठवलं. दोघांचं इतकं बिनसलं की ऑक्टोबर १९४४मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. भाषा उत्तम, नातं शून्य. चिनी शिपायाबद्दल त्याला माया होती, पण चँगबद्दल तिरस्कार. भाषा शिकल्यानं माणूस मऊ होतो असं जे आपण समजतो, ते अर्धंच खरं आहे.

आता आपल्या देशाचं. संरक्षण खात्याची दिल्लीतली परदेशी भाषांची शाळा १९४८ पासून आहे. चिनी, तिबेटी, ब्रह्मी, सिंहली, पुश्तू, अरबी, सगळं शिकवतात. पचमढीलाही लष्कराच्या शिक्षण विभागाचं भाषाकेंद्र आहे. म्हणजे शाळा नाही असं नाही. अडचण शाळेनंतर सुरू होते. अधिकाऱ्याला बढतीसाठी पलटणीचं नेतृत्व केलेलं हवं. दोन वर्षं भाषा शिकला, तीन वर्षं वकिलातीत गेला, की परत आल्यावर त्याच्या बरोबरीचे पुढं गेलेले. मग हुशार मुलगा काय करेल? भाषेचं प्रमाणपत्र घेईल आणि ट्रंकेत ठेवून देईल. श्रीलंकेत १९८७ला आपली शांतिसेना गेली तेव्हा नकाशे जुने होते आणि तिथल्या लोकांशी थेट बोलू शकणारे अधिकारी फार थोडे. त्याची किंमत जवानांनी दिली, आणि त्यांत मराठी घरांतलेही होते.

चीनच्या बाबतीत तर आपल्याकडं माणूस होता. वसंत वासुदेव परांजपे. बीजिंगला शिकायला गेलेला मराठी माणूस, नेहरू आणि माओ यांच्या बोलण्यात दुभाषा म्हणून बसलेला. पण ते परराष्ट्र खात्यातले. लष्करात त्यांच्या तोडीचे किती होते? दुसऱ्या बाजूला जनरल थोरात. कोल्हापूरकडचे, कोरियात १९५३ला युद्धकैद्यांच्या छावण्या सांभाळलेले, नंतर पूर्व विभागाचे प्रमुख. त्यांनी १९६०च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात दाखवून दिलं, की चीन ईशान्येकडून असा असा येईल. वरच्यांनी मनावर घेतलं नाही. १९६२ला ते बरंचसं तसंच घडलं. थोरात भाषातज्ज्ञ नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर माझं उदाहरण फुगवल्यासारखं होईल. पण त्यांची आणि त्या ठेंगण्या कॉलिन्सची गोष्ट एकाच जातीची आहे. फरक इतकाच की कॉलिन्सला हसणाऱ्यांनी महिन्याभरात लढाई जिंकली, त्यामुळं त्यांचं हसू इतिहासानं माफ केलं.

२०२३ साली टेरिटोरियल आर्मीनं चिनी जाणणारे पाच अधिकारी घेतल्याच्या बातम्या आल्या. पाच. गलवाननंतर तीन वर्षांनी. मी याला वाईट म्हणणार नाही, सुरुवात आहे. पण सीमेवरच्या बैठकीत समोरचा अधिकारी जेव्हा एखाद्या ओढ्याचं, एखाद्या कुरणाचं नाव घेतो, तेव्हा ते नाव ठिकाणाचं आहे की अख्ख्या खोऱ्याचं, हे विचारायला चिनीबरोबर तिबेटी लागेल, लडाखी गुराखी लागेल, आणि त्या गुराख्याचं म्हणणं कर्नलनं मध्येच न तोडता ऐकलं पाहिजे. त्यासाठी तोच अधिकारी त्याच खोऱ्यात दहा वर्षं फिरून फिरून यायला हवा. आपल्या बदल्यांच्या तक्त्यात आज त्याला घर नाही.

(प्रश्नोत्तरांतून एक)

मागच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं: ‘सर, मी एनडीएची तयारी करतोय. मग मी चिनी शिकू का?’

शीक की. आधी एनडीए हो, मग शीक. किंवा आधी दिल्लीला जेएनयूत चिनीत बी.ए. कर आणि मग पदवीधरांच्या वाटेनं लष्करात जा, तीही वाट आहे. फक्त कुणी तुला म्हणालं की याचा बढतीला फायदा नाही, तर तो आज तरी खरं बोलतोय, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू कुठला?

‘जाफराबादचा.’

जाफराबादमधी कोणतं?

(हशा)